धाकट्याचे दोन ठोके

सोमवार, ३ मार्च

ही वही मला मोजेवालीनं दिली. कारखान्यात नवीन आलेली इंजिनिअर पोरगी. दिवसभर तारा लावलेले हातमोजे घेऊन फिरते, म्हणून भट्टीवाल्यांनी तिचं नाव मोजेवाली ठेवलं. म्हणाली, "आजोबा, काम करताना हाताला काय काय जाणवतं ते रोज लिहून ठेवा. यंत्राला शिकवायला बरं पडेल." मी म्हटलं, बाई, माझी शाळा पुडीच्या कागदावरची. वाण्याकडून पुडी आली की सोडायची आणि अक्षरं जुळवायची. म्हणाली, चालेल.

तर लिहितो. मी तीन नंबरच्या घणावरचा घणवाला, एकतीस वर्षं झाली. माझ्या उजव्या हातात दांडा. तो ओढला की बैलाएवढं लोखंड वरून साच्यात आदळतं. समोर सांडशीवाला. भट्टीतलं लाल लोखंड तो सांडशीत धरून साच्यात ठेवतो, घाव झाला की फिरवतो. मधूनच लोखंडाची सुटलेली खपली साच्यात अडकते, ती ब्रशनं झाडतो. म्हणजे दर चार-सहा घावांमागे त्याचा हात घणाखाली असतो आणि दांडा माझ्या हातात.

गेली सव्वीस वर्षं माझा सांडशीवाला एकच. सहा वर्षांपूर्वी त्याच्या मुलाला माझी मुलगी दिली, तेव्हापासून तो व्याही. लग्नात लोकांनी आम्हाला अहो-जाहो करायला लावलं. बाहेर अजून करतो. घणापाशी अरे-तुरेच.

त्याच्या आधी दुसरा होता. त्याला मी ओरडून विचारायचो, येऊ का? एके दिवशी सातही घण एकदम चालू होते. तो ओरडला की नाही हेच मला कळलं नाही आणि मी दांडा ओढला. त्याची तीन बोटं लाल लोखंडावर चरचरली. मी ती चिमट्यानं उचलून डब्यात ठेवली, डॉक्टर जोडतील म्हणून. डॉक्टरनं डबा उघडला आणि लगेच बंद केला. तो वास माझ्या नाकातून गेलेला नाही. कधीकधी भाकरी करपली तरी मी उठून बाहेर जातो.

व्याही आला त्या दिवशी मी त्याला सांगितलं, ओरडायचं नाही, लोखंडातून बोलायचं. मी डाव्या हातातला पाना घणाच्या खांबावर दोनदा वाजवतो: येऊ का? तो सांडशीची शेपटी ऐरणीवर एकदा वाजवतो: ये. तो एक ठोका आला नाही तर घाव नाही, मग लोखंड थंड होऊन काळं पडलं तरी चालेल. कान आमचे कधीच गेले, तोंडावर ठिणग्या अडवायची जाळी असते. पण दोघं एकाच पोलादी पाट्यावर उभे असतो, ठोका बुटातूनही तळपायाला कळतो. हे कुठल्या पुस्तकात नाही. सात घणांवर सगळ्यांनी हीच पद्धत उचलली. तेव्हापासून या छपराखाली कुणाचं बोट गेलं नाही.

गुरुवार, ६ मार्च

आज मोजे चढवले. दोन्ही हात कोपरापर्यंत. मी घाव घालायचा आणि यंत्राचा हात बाजूला उभा राहून शिकणार. घण जुनेच राहणार, माणूस तेवढा बदलणार. आधी घणवाले, मग बघू, असं साहेब म्हणतात.

मी त्या यंत्राच्या हाताचं नाव धाकटा ठेवलं. शिकायला आलेल्याला नावानं हाक मारावी.

व्याही मोजेवालीला म्हणाला, "अगं पोरी, पायमोजेही आण की. याच्या पायाला हातापेक्षा जास्त अक्कल आहे." सगळे हसले. मोजेवालीही हसली. मी म्हटलं, व्याह्यांच्या विनोदाकडे लक्ष देऊ नका, लेकीच्या लग्नापासून ऐकतोय.

दुपारी व्याह्याला खोकल्याची उबळ आली. मी दोन ठोके दिले, उत्तर नाही. मी दांडा धरून थांबलो. लोखंड लालाचं तपकिरी झालं. मग त्याचा ठोका आला आणि मी घाव घातला. मोजेवाली म्हणाली, "आजोबा, हा घाव बिघडला, हा मी काढून टाकते. धाकट्याचा गोंधळ व्हायला नको." आज असे अकरा काढले. मला वाईट वाटलं, अकरा वेळा माझ्यामुळे काम वाया गेलं.

बुधवार, १९ मार्च

धाकट्यानं आज पहिला घाव घातला. अंगावर काटा आला. तोच झटका, शेवटच्या वितीत तेच जोर मऊ करणं. माझा हात माझ्याशिवाय काम करत होता.

आणि घावाआधी त्यानं खांबावर पाना दोनदा वाजवला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, जाळी होती म्हणून बरं. व्याह्यानं सांडशी वाजवली आणि धाकटा खाली आला. अगदी वेळेत. व्याही जाळी वर करून म्हणाला, "अरे, हा तर तुझ्याहून बरा, निदान शिंकत नाही."

मोजेवाली त्या ठोक्यांवर विचारात पडली होती. "हे कशासाठी, आजोबा? यात वेळ जातो. काढून टाकू का?" मी म्हटलं, ती आमची विचारायची सवय आहे, असू द्या. व्याह्यांच्या जिवाला बरं वाटेल. तिनं ठेवले. माझं ऐकलं बिचारीनं.

जावई भट्टीवर असतो. माझा जावई खरा, पण लहानपणापासून मला काकाच म्हणतो. बाहेर पडताना म्हणाला, "काका, स्वतःच्या जागी स्वतःच दुसऱ्याला बसवलात."

"अरे, मी तसाही दोन वर्षांत घरी बसणार."

"तुम्ही बसाल हो. बाकीचे सहा घणवाले काय करतील?"

उत्तर घरी आल्यावर सुचलं, पण ते इथे लिहिण्याइतकं चांगलं नाही.

शनिवार, २२ मार्च

पाच नंबरच्या घणवाल्यानं हात धुवायच्या नळापाशी माझ्या तोंडावर साबणाचं पाणी फेकलं. "मास्तर आले, बाजूला व्हा," म्हणाला. मी चेहरा पुसून गप्प राहिलो असतो, पण व्याही मागून आला आणि त्यानं त्याचं डोकं धरून नळावर आपटलं. दोनदा. भुवई फुटली, हौदात लाल पाणी. त्यानं व्याह्याच्या पोटात गुडघा घातला. मग त्याच्याकडून भट्टीवरचे चौघं आणि आमच्याकडून तिघं. कुणाच्या हातात सळई होती. ती माझ्या खांद्याला लागली तेव्हा हाडाचा आवाज झाला, पण मोडलं नाही.

व्याह्याचा ओठ सुजलाय. म्हणाला, "साठीत मारामारी करायला लावलीस." मी म्हटलं, मी कुठे सांगितलं होतं? म्हणाला, "व्याह्यानं सांगायची वाट कशाला बघायची?"

सोमवार, ३१ मार्च

साहेब आज तीन नंबरवर येऊन बराच वेळ उभे राहिले. धाकट्यासमोर लाल उजेडाचा पडदा आहे. त्यात हात गेला की घण जागच्या जागी अडकतो. पण ठिणगी गेली तरी अडकतो. तासाला वीस वेळा काम बंद. साहेब वैतागले होते. मी म्हटलं, "साहेब, इथे पडद्याची काय गरज? हा विचारल्याशिवाय घाव घालत नाही. माझ्या हाताखाली शिकलाय."

साहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. दुपारपासून पडदा बंद आहे. काम झरझर होतंय. एकतीस वर्षांत साहेबांनी पहिल्यांदा माझं ऐकलं.

मंगळवार, ८ एप्रिल

लिहायला बसलोय.

सकाळी साडेदहा. मी बाजूला स्टुलावर होतो, हल्ली माझं काम नुसतं बघायचं. खपली अडकली. व्याही ब्रश घेऊन आत वाकला. ब्रशचा दोरा साच्याच्या कडेला गुंतला, तो सोडवत होता. धाकट्यानं दोन ठोके दिले. मला पायाला कळले. व्याह्यानं मान वर करून धाकट्याकडे बघितलं. घाबरला नव्हता. त्याला खोकला आला की मी थांबायचो, तेव्हा माझ्याकडे बघायचा, तसं. थांब रे, सोडवतोय, असं.

घण आला.

आवाज वेगळा झाला. रोज लोखंडावर लोखंड असतं. घण वर गेला तेव्हा व्याही तसाच वाकलेला होता आणि मनगटापुढे काही नव्हतं. साच्यात जे होतं तो हात नव्हता, सपाट काहीतरी होतं, त्यातून धूर येत होता. मग त्यानं ओरडायला तोंड उघडलं आणि त्याच वेळी धाकट्यानं पुन्हा पाना वाजवला. दोन ठोके. पुढच्या घावाचे. मी उडी मारून त्याला कमरेला धरून मागे ओढला. आम्ही दोघं पडलो आणि घण पुन्हा साच्यावर आदळला. जे उरलं होतं तेही गेलं. जावई भट्टीवरून धावत आला आणि बापाचं रक्त दोन्ही हातांनी दाबून धरू लागला. त्याच्या बोटांमधून ते येतच होतं. कुणीतरी मुख्य कळ पाडली.

माझ्या सदऱ्यावर वाळलंय. बायको म्हणते, अहो, काढा तो. काढवत नाही.

गुरुवार, १० एप्रिल

मनगटाच्या वर चार बोटांपर्यंत हात कापावा लागला. व्याही शुद्धीवर आहे. माझ्याकडे बघत नाही, भिंतीकडे तोंड करून पडतो. लेक सासऱ्याला चमच्यानं भरवते.

कारखान्याच्या फळ्यावर कागद लागलाय. "यंत्र चालू असताना कामगाराने निष्काळजीपणे हात घातला. यंत्रात दोष आढळला नाही." उरलेल्या सहा घणांवर सहा नवे हात अठ्ठावीस तारखेला बसणार. सगळ्यांना धाकट्याचाच धडा.

मोजेवाली दवाखान्याच्या दारात भेटली. डोळे सुजले होते. म्हणाली, "आजोबा, धाकट्याच्या पायाशी एक पेटी आहे. त्यात प्रत्येक ठोका, प्रत्येक घाव नोंदलेला असतो. बुधवारी सरकारी तपासनीस येऊन ती उघडणार. सगळं कळेल." तोवर मी त्या पेटीची देवासारखी वाट बघणार.

सोमवार, १४ एप्रिल

साहेब दवाखान्यात आले होते. फळं आणली. व्याह्याच्या उशाशी उभे राहिले. मग बाहेर जाऊन जावयाशी बोलले. दाराला काच होती. आम्ही घणवाले ओठ वाचतो, त्याशिवाय घणांपाशी दुसरा इलाज नसतो. साहेब म्हणाले, "मी तुझ्या जागी असतो तर त्या यंत्राचा एक खिळा जागेवर ठेवला नसता." जावई खाली बघत होता. "आणि कुणी ठेवला नाही, तर मी नाव विचारणार नाही. उद्या सकाळी पाळी बदलताना पहारेकऱ्यांची बैठक आहे, मागच्या गोदामात. अर्धा तास."

जाताना त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. एवढा मोठा माणूस, पण बापासाठी तळमळणाऱ्या पोराचं दुःख त्याला कळलं.

मात्र ती बैठक मनात अडकून बसलीय. पेटी फुटली तर बुधवारी काय उघडणार? उद्या पाळीच्या आधी जाऊन बसतो.

शुक्रवार, १८ एप्रिल

हे डाव्या हातानं लिहितोय. ओळी चालत नाहीत, सरपटतात.

मंगळवारी सकाळी पावणेसातला मी धाकट्याच्या पायाशी जाऊन बसलो. दारावर कुणी नव्हतं. मोठ्या हातोड्यांच्या कपाटाला रोज कुलूप असतं, ते उघडं होतं.

सात वाजता दहा-बारा जण आत आले. पुढे जावई, मागे पाच नंबरचा, भुवईवर टाके. पहिला घाव धाकट्याच्या कोपरावर बसला. तेलाची चिळकांडी उडाली, काळी, गरम, माझ्या तोंडावर. दुसऱ्या घावात मनगट लोंबलं. वीज चालूच होती. मोडलेल्या मनगटात पाना तसाच होता आणि तो हात हलून खांबावर आपटत होता. दोन ठोके. पुन्हा दोन. पाच नंबरचा ओरडला, "विचारतोय बघा, हरामखोर," आणि हसत हसत, रडत रडत मारत सुटला.

मी पेटीवर पालथा पडलो. दोन्ही हातांनी मिठी मारली.

"काका, बाजूला व्हा."

"अरे, यात तुझ्या बापाची साक्ष आहे."

"यातच माझ्या बापाचा हात गेलाय."

"बुधवारपर्यंत थांब. एक दिवस."

"तुम्ही शिकवलंत याला," तो म्हणाला. "तुम्ही." आणि हातोडा वर नेला.

कुणीतरी माझे पाय धरून ओढत होतं. डावा हात सुटला. उजवा नाही सोडला. हातोडा त्याच्यावर आला. त्यानं माझा हात पाहिला होता का? मी आज तीन दिवस हाच विचार करतोय. त्याचे डोळे माझ्याकडे होते. खोटं लिहिणार नाही, माझ्याकडे होते.

पहिल्या घावात हात गेला. पुढच्या चारात पेटी. आतल्या हिरव्या पट्ट्या चुरा होऊन माझ्या रक्तात पसरल्या.

आणि मग पहारेकरी आले. आधी नाही. पेटी फुटल्यावर. आले ते काठ्या उगारूनच. पाच नंबरच्याच्या डोक्यात एवढ्या मारल्या की शेवटच्या वेळी काठीचा आवाज ओला आला. तो अजून बोलत नाही. तिघांचे पाय मोडले. जावई मागच्या दारानं निसटला.

माझी तीन बोटं काढली, तळवा शिवला. पोलिसांनी विचारलं, हातोडा कुणाचा? मी म्हटलं, गर्दी होती. लेक बाजूला उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पाण्याचा पेला भरायला गेली. पेला भरलेलाच होता.

सोमवार, २१ एप्रिल

तपासनीस बुधवारी आले आणि चुऱ्याची पिशवी घेऊन गेले. मोजेवाली सांगत होती, तिच्याकडच्या मूळ नोंदीही पुसल्या आहेत. कुणी, ते तिला सांगितलं नाही. "आता माझा शब्द आणि साहेबांचा शब्द. साहेब म्हणतात, दंगेखोरांनी पुरावा फोडला. परवा तपासनीस पुन्हा येतील, शेवटचं विचारायला. मग अठ्ठावीसला सहा हात बसतील."

उठताना तिचं लक्ष उशीकडे गेलं. "आजोबा, ही वही तुम्ही खरंच लिहिलीत?"

ती गेल्यावर मी वही पहिल्या पानापासून वाचली. लिहितो पण उलटून कधी वाचलं नव्हतं.

व्याही पायमोजे आण म्हणाला होता. सगळे हसले होते.

धाकट्याकडे हात होते, तळपाय नव्हता. मी जे थांबायचो ते अकरा-अकरा करून तिनं काढून टाकलं आणि मी मान डोलावली. धाकट्याला एवढंच कळलं, की दोन ठोके द्यायचे, श्वासभर थांबायचं आणि यायचं. व्याही दर वेळी श्वासभरात उत्तर देत होता म्हणून जमत होतं. ठोके राहू द्या, हे मीच सांगितलं होतं. ठोके नसते तर व्याह्यानं त्याच्यावर विश्वास ठेवला नसता, हात आत घालताना दहा वेळा बघितलं असतं. पडदाही माझ्याच शब्दावर बंद झाला. लहानपणीच्या त्या पुडीच्या कागदांनी मला वाचायला शिकवलं ते हे वाचण्यासाठी.

पण पेटीत जे होतं ते सगळं या वहीत आहे, तारखेसकट. ही दिली तर सहा हात बसणार नाहीत. निदान असे बसणार नाहीत.

अडचण एका पानाची आहे. चौदा तारखेला साहेब काचेपलीकडे काय बोलले ते त्याच्या एका बाजूला आहे. हातोडा कुणाचा होता ते मागल्या बाजूला.

लेक आली तेव्हा मी तिला वही दिली. तिनं सावकाश वाचली. अठरा तारखेपाशी थांबली, पुन्हा वाचलं.

"हे पान फाडा, बाबा."

"मग साहेबही सुटतात."

"सुटू देत. तुरुंगात नेतील ते माझ्या घरातल्याला." तिनं पान दोन बोटांत धरलं. "तुम्हाला कळतंय ना मी काय म्हणतेय?"

"कळतंय."

"तो रोज येतो आणि नळाखाली हात धुतो. अर्धा अर्धा तास. बोलत नाही. त्याला अजून काय शिक्षा हवी तुम्हाला?"

बायको कोपऱ्यात बसली होती. म्हणाली, "फाडलेलं पान दिसतं गं. मग उरलेल्या वहीवर कोण विश्वास ठेवेल?"

लेकीनं वही माझ्या पोटावर टाकली आणि गेली. फाडली नाही.

मंगळवार, २२ एप्रिल

आज दुपारी चालत व्याह्याच्या खोलीत गेलो. मधे दोन दालनं. मी उजवा हात गळ्यात बांधून, तो उजवा हात उशीवर ठेवून. चौदा दिवसांत पहिल्यांदा तो बोलला. भिंतीकडे बघतच.

"तुझी किती गेली?"

"तीन."

"माझ्याहून बरा आहेस." मग म्हणाला, "तिन्ही माझ्या पोरानं नेली ना?"

त्याला माहीत होतं. मी खुर्ची ओढून बसलो आणि वही वाचून दाखवली. पहिल्यापासून. माझं वाचन हळू, तास गेला. पायमोज्यांपाशी त्याच्या पाठीला हिसका बसला. हसला की काय, कळलं नाही. साहेबांच्या बोलण्यापाशी त्यानं एक शिवी दिली, ती इथे लिहीत नाही. हातोड्यापाशी मी गाळणार होतो. तो म्हणाला, "वाच." मी वाचलं. डोळे माझ्याकडे होते, तेही वाचलं.

मग मी म्हटलं, "उद्या तपासनीस येतील. ही दिली तर साहेब अडकतील, आपला पोरगाही अडकेल. मोजेवालीही अडकेल. मी तर आधी. नाही दिली तर अठ्ठावीसला सहा सांडशीवाले त्या सहा धाकट्यांसमोर उभे राहतील. तुझा मुलगा आहे. मी ठरवणार नाही."

बाहेर जेवणाच्या गाड्या आल्या, गेल्या. परिचारिका आली, सलाईन बदलून गेली. मी चपला काढल्या. फरशी गार होती. त्याच्या खाटेचा लोखंडी पाय माझ्या पावलापाशी होता, त्यावर तळपाय टेकवला. खिशात दाराची किल्ली होती. डाव्या हातानं ती खाटेच्या दांड्यावर वाजवली.

दोनदा.

त्याची पाठ ताठ झाली. उत्तर नाही. मी थांबलो. श्वासभर गेला, धाकटा एव्हाना खाली आला असता. मी थांबलो. खिडकीतलं ऊन त्याच्या चादरीवरून उतरून फरशीवर आलं. त्याचा श्वास अडकत होता, खांदे हलत होते. बापाचे खांदे असे हलतात हे मला नवीन नाही, माझेही हलले आहेत. लेक दारात येऊन उभी राहिली. मी तिला हातानं थांब म्हटलं आणि थांबलो. लोखंड काळं पडलं तरी चालेल.

त्यानं डावा हात चादरीतून बाहेर काढला. बोटाच्या हाडानं दांड्यावर ठोका दिला. एकच.

कानाला आला नाही. तळपायाला कळला.